एकच अंडं घालणारा दयाळ

फ्रेगाट हे बेट केवढं? आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेसारख्या पाच बागा शेजारी शेजारी मांडा, साधारण तेवढं. आफ्रिकेच्या पूर्वेला, हिंदी महासागरात, सेशेल्स नावाच्या देशातलं, विषुववृत्ताच्या जरा खाली. 1965 च्या सुमाराला एका जातीचे सगळे पक्षी या एवढ्याशा जमिनीवर राहत होते. सगळे म्हणजे जगातले सगळे. किती होते? बारा ते पंधरा.

इथपर्यंत सांगून मी थांबलो. रावपुऱ्यात व्यापाऱ्यांची खाती लिहिण्यात माझं आयुष्य गेलंय. आकडा सांगितला की समोरच्याच्या डोक्यात तो उतरायला थोडा वेळ द्यावा लागतो, एवढं मला कळतं. ओवीनं बोट फिरवत हॉलमधली डोकी मोजली आणि म्हणाली, "काका, आपण तर चौदा आहोत."

"मग झालं. समज, आपणच सगळे. या दाराबाहेर आपल्यासारखं कोणी नाही. मुंबईत नाही, अमेरिकेत नाही, कुठेच नाही."

"आणि मामाकडे?" मल्हारनं विचारलं.

"मामाकडेही नाही."

यावर बरीच कुजबुज झाली. अमेरिका रिकामी असणं त्यांना चालणार होतं, मामा नसणं म्हणजे फारच झालं.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मुलांसाठी मराठी वाचनाचा तास चालतो. अर्धी मुलं इंग्रजी माध्यमाची, बाकीची गुजराती माध्यमाची, दोघं-तिघं तर घरी गुजरातीच बोलणारी. पण मित्र येतात म्हणून तीही येतात आणि 'ळ' आमच्या मुलांपेक्षा स्वच्छ म्हणतात. गोष्ट सांगायची पाळी आली की बाकीचे काका-काकू शिवाजी महाराज, अकबर-बिरबल, श्यामची आई असं काहीतरी घेतात. मी पक्षी घेतो. मला दुसरं काही येत नाही.

या वेळचा पक्षी सेशेल्सचा दयाळ. पण तो सांगायचा तर आधी आपला दयाळ सांगावा लागतो, कारण शहरातल्या मुलांनी तो पाहिलेला असतो आणि त्यांना ते ठाऊक नसतं.

होळीच्या आसपास पहाटे, दूधवाला यायच्या आधी, पाण्याच्या टाकीच्या पाइपवर किंवा टीव्हीच्या जुन्या अँटेनावर बसून जो शीळ घालतो, तो. गुजरातीत दैयड. नर काळाभोर, तकतकीत, पोट पांढरं, पंखावर पांढरा पट्टा. मादी त्याच ठेवणीची, पण काळ्याच्या जागी राखी. शेपटी सतत वर उचललेली. एका दमात गाणं म्हणत नाही. तुकडा म्हणतो, थांबतो, जणू कोणी दाद देतंय का बघतो, मग दुसरा तुकडा. मध्येच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला घुसडतो. बांगलादेशचा तो राष्ट्रीय पक्षी आहे.

आमच्या सी विंगच्या मागच्या भिंतीत एसीचा पाइप काढून टाकलेलं एक भोक उघडंच राहिलंय. सेक्रेटरी दर मीटिंगला ते बुजवायचं ठरवतात आणि दर वर्षी दयाळाची जोडी त्यांच्या आधी तिथे पोहोचते. गच्चीच्या जिन्यावर उभं राहिलं की भोक बरोबर डोळ्यांच्या रेषेत येतं. सुकं गवत, काही बारीक मुळं, कोणाच्या तरी झाडूची पिसं, आणि त्यात फिकट हिरवट-निळी, तपकिरी ठिपक्यांची अंडी. चार, कधी पाच. आई आत बसली की फक्त चोच आणि एक डोळा दिसतो. आपण एक पायरी जरी वर चढलो तरी ती चोच आत जाते. बाप समोरच्या गुलमोहरावरून कर्कश आवाज काढत राहतो, आपण खाली उतरेपर्यंत. मुलांना मी हे दोघा-दोघांच्या जोड्या करून दाखवलं. चपला काढून, बोलायचं नाही, खोकला आला तर आधीच खोकून घ्यायचा.

आता याच पक्ष्याचा एक चुलतभाऊ डोळ्यांसमोर आणा. आपल्यापेक्षा मोठा, आपला एकोणीस सेंटिमीटरचा, तर तो जवळजवळ पंचवीस. पोटसुद्धा काळं. सगळा निळसर झाक असलेला काळा, आणि पंखावर तेवढा एक पांढरा डाग. नर-मादी सारखेच दिसतात, आणि गातात दोघंही. झाडांवर फार वेळ घालवत नाही, जंगलात जमिनीवर पडलेल्या पालापाचोळ्यात उड्या मारत झुरळं, गोम, किडे, लहान सापसुरळ्या शोधत फिरतो.

"आणि अंडं किती घालतो?" हा प्रश्न मीच विचारला, कारण पुढची सगळी गोष्ट या उत्तरावर उभी आहे.

पाच, चार, सहा. हेतनं अकरा सांगितलं, त्याला नेहमी जास्त सांगायचं असतं.

एक. एका वेळी एकच अंडं.

"बस? एवढंच?"

एवढंच. आणि ते पिल्लू घरट्यातून बाहेर पडलं तरी पुढे कित्येक आठवडे आईबापांच्या मागे मागे फिरत खायला मागतं. मोठं झालं तरी लगेच स्वतःचं घरटं करत नाही. बेटावर जागाच कुठे असते? प्रत्येक जोडीचा जंगलाचा एक तुकडा ठरलेला, त्यात एकच कर्ती जोडी, आणि बाकीचे तरुण त्यांच्या हाताखाली, आपली पाळी यायची वाट बघत. ओवी म्हणाली, "म्हणजे मोठ्या दादाचं लग्न झाल्याशिवाय छोट्याचं नाही." माझ्या मांडणीपेक्षा तिची सरस होती, मी तीच पुढे वापरली.

एकच का, हे मुलांना पटवायला वेळ लागला. मी त्यांना आपल्या भोकाकडे परत नेलं. सी विंगच्या भोकाभोवती किती जण टपलेले असतात? मांजर, कावळा, भारद्वाज, गच्चीवर येणारी माकडं, खारुताई, पावसाळ्यात एखादा साप. आमची दयाळीण पाच अंडी घालते त्यात या सगळ्यांची तरतूद आधीच धरलेली असते. सेशेल्सच्या बेटांवर माणूस येण्याआधी वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. मांजर नाही, उंदीर नाही, मुंगूस नाही. घरटं लुटणारं असं फारसं कोणी नाही, जागा मात्र मोजकी. तिथे पाच पिल्लं काढून ठेवणार कुठे? एकच काढायचं, नीट वाढवायचं, आणि स्वतः वर्षानुवर्षं जगायचं. तिथल्या जगात हा हिशेब चोख होता.

आणि अशा जगात भीतीचंही काम नसतं. आपला दयाळ एक पायरी चढलं तरी चोच आत घेतो. तो तिकडचा, कोणी कुदळीनं माती उकरायला लागलं की पायाशी येऊन उभा. माणसाची त्याला ओढ आहे म्हणून नव्हे. माती हलली की किडे वर येतात म्हणून. माणूस येण्याआधी हे काम तिथे महाकाय कासवं करत होती, अजूनही करतात. अल्डाब्रा जातीचं कासव, मोठा नर अडीचशे किलोपर्यंत. ते पाचोळ्यातून चालतं कसं? एक पाय उचलतं. थांबतं. तो पाय पुढे ठेवतं, पानं करकरतात, खालची ओली, काळी माती उघडी पडते. त्या उघड्या पडलेल्या वीतभर जागेतून एक झुरळ बाहेर पळतं आणि तेवढ्यात बाजूला उभा असलेला दयाळ एक उडी मारतो. झुरळ गेलं. कासवाला याचा पत्ताही नसतो. ते दुसरा पाय उचलायला घेतं. मल्हारनं लगेच हॉलमध्ये कासव होऊन दाखवलं, आणि तीन मुली त्याच्या मागे दयाळ झाल्या. पाचोळा म्हणून वर्तमानपत्राच्या पुरवण्या होत्या. दहा मिनिटं वर्ग त्यांच्या ताब्यात गेला, मी चहा घेतला.

मी स्वतः सेशेल्सला गेलेलो नाही. फ्रेगाटवर 1998 मध्ये मोठ्या लोकांसाठी रिसॉर्ट झालं. तिथल्या एका रात्रीच्या भाड्यात आमच्या सोसायटीचं वॉटरप्रूफिंग होईल. त्यामुळे मी जे सांगतो ते वाचलेलं आहे, खूप वर्षं वाचत आलेलं आहे.

सेशेल्स म्हणजे शंभरावर बेटांचा देश. मुंबईपासून तीन हजार किलोमीटरहून लांब. तिथलं चलनसुद्धा रुपया आहे, हे ऐकून हेतचा चेहरा एकदम उजळला. त्यातली मधली बेटं ग्रॅनाइटच्या जुन्या दगडाची आहेत, आणि तो दगड एके काळी भारताला चिकटलेला होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे, जेव्हा आपल्याकडे जमीन फाटून दख्खनचा लाव्हा बाहेर येत होता, त्याच काळात तो तुकडा सुटला आणि मागे राहिला. आपण सगळे पावागडला जातो ना, तो पावागड त्या लाव्ह्याचाच. म्हणजे रोपवेच्या रांगेत आपण ज्या दगडावर उभे राहतो, तो तयार होत असताना सेशेल्स आपल्यापासून वेगळं होत होतं. (दयाळ त्या दगडावर बसून गेला नाही, हे सांगावं लागलं. तेव्हा दयाळ मुळी नव्हतेच. त्यांचे पूर्वज फार नंतर कधीतरी उडत, वाऱ्यावर भरकटत पोहोचले.)

दुसरी ओळख अजून जवळची आहे. गरुडेश्वरला, नारेश्वरला नर्मदेच्या घाटावर साधूंच्या हातात काळं कमंडलू दिसतं. त्यातली अस्सल जुनी कमंडलू दर्याई नारळाच्या करवंटीची असतात, आणि तो दुहेरी नारळ जगात फक्त सेशेल्सच्या एक-दोन बेटांवर उगवतो. पूर्वी त्याच्या करवंट्या समुद्रातून वाहत आपल्या किनाऱ्याला लागायच्या, आणि झाड कोणी पाहिलेलंच नव्हतं, म्हणून लोक समजायचे की हे झाड समुद्राच्या तळाशी असणार.

"काका, तिथे मगरी आहेत?"

बडोद्याच्या मुलांना हा प्रश्न पडणारच. 2024 च्या पुरात विश्वामित्रीच्या मगरी रस्त्यांवर आल्या होत्या. इथल्या मुलाच्या लेखी ज्या ठिकाणी मगर नाही ते ठिकाण अर्धवटच. उत्तर असं की होत्या. खाऱ्या पाण्यातल्या, आपल्यापेक्षा मोठ्या. फ्रेंच लोक 1770 मध्ये तिथे वस्ती करायला उतरले तेव्हा माहे बेटाच्या दलदलीत त्या पुष्कळ होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात शेवटची मगर मारली गेली. एवढ्या मोठ्या, दात असलेल्या जनावराची ही गत, तर पायाशी येऊन उभ्या राहणाऱ्या पक्ष्याचं काय.

दयाळाचं जे झालं त्यात कोणा एकाची दुष्टाई नव्हती, आणि मुलांना गोष्टीत दुष्ट माणूस लागतो. माणसं आली. त्यांनी नारळासाठी जंगल तोडलं. नारळाच्या बागेत पाचोळा तो कसला राहणार. जहाजांच्या पोटातून उंदीर आले, त्यांना कोणी आणलं नव्हतं. मग उंदरांसाठी मांजरं आणली गेली. निर्धास्तपणे जमिनीवर फिरणारा, माणसापाशी येणारा आणि वर्षाला जेमतेम एखादं पिल्लू वाढवणारा पक्षी मांजरापुढे किती टिकणार? पूर्वी हा दयाळ कितीतरी बेटांवर होता. माहे, प्रालँ, ला दीग, एकेक बेट रिकामं होत गेलं. फ्रेगाटवर मांजरं पोहोचली होती, पण उंदीर तोवर पोहोचले नव्हते. तेवढ्या एका फरकावर ते बारा-पंधरा जण तगले.

फ्रेगाटवरची मांजरं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला काढून टाकली. तरी संख्या काही हलेना. 1990 मध्ये पक्षीसंरक्षकांनी बेटावर ठाण मांडलं तेव्हा दयाळ वीस-बावीसच्या आसपास होते. पंचवीस वर्षांत सात-आठ पक्ष्यांची वाढ! असलं खातं माझ्या टेबलावर आलं असतं तर मी मालकाला बोलावून घेतलं असतं.

आणि इथून पुढचा भाग मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतो. कोणाला तो सांगायला गेलं तर जांभया येतात, कारण त्यात घडत असं काहीच नाही. प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कड्या घातल्या. डाव्या पायात वर लाल खाली पिवळी, उजव्या पायात निळी, असे वेगवेगळे मेळ, म्हणजे लांबून दुर्बिणीतून बघूनही कोण ते कळावं. मग रोजची नोंद. कोण दिसलं, कोणाबरोबर, कोणाच्या तुकड्यात. अंडं कोणत्या घरट्यात, पिल्लू निघालं का, कोणत्या दिवशी उडालं. लाकडी पेट्या ठोकल्या घरट्यांसाठी, कारण पोकळ जुनी झाडं उरली नव्हती. देशी झाडं लावली. पक्ष्यांना वरचं खाणं म्हणून झुरळं पुरवली.

"ईईई!"

हो, झुरळं. माणसं झुरळं गोळा करून पक्ष्यांना वाढत होती. शेतातली कीटकनाशकं बंद करवली. हे सगळं रोज, वर्षानुवर्षं, बेटावरच्या उकाड्यात. मुलांच्या पुस्तकात प्राणी वाचवणारा माणूस नेहमी हेलिकॉप्टरमधून उतरतो. या गोष्टीतही पुढे एक हेलिकॉप्टर आहे, पण त्याच्या आधी दहा वर्षांची वही आहे. मी मुलांना एक कोरा तक्ता आखून दिला. सी विंगच्या भोकाशी कोण किती वाजता आलं, चोचीत काय होतं, एवढंच लिहायचं. नीलनं पहिल्या ओळीत लिहिलं, "साडेसात. बाबा आला. चोचीत हिरवं काहीतरी." बर्डलाइफ या पक्षी वाचवणाऱ्या संस्थेच्या माणसांच्या नोंदी याहून वेगळ्या असतील असं मला वाटत नाही.

सगळे पक्षी एकाच बेटावर असणं धोक्याचं, हे उघड होतं. त्यांना दुसरीकडे हलवायचे पहिले काही प्रयत्न फसले होते. 1994 मध्ये काही पक्षी कझिन नावाच्या बेटावर नेले, 1995 मध्ये त्याच्या शेजारच्या, जवळजवळ त्याच नावाच्या कझीन बेटावर. कझिन तर आपल्या कमाटीबागेपेक्षाही लहान आहे. ते पूर्वी नारळाचं बेट होतं. 1968 मध्ये आंतरराष्ट्रीय पक्षी संरक्षण परिषदेनं, म्हणजे आजच्या बर्डलाइफनं, ते अख्खं विकत घेतलं, तेही दुसऱ्याच एका पक्ष्यासाठी. सेशेल्सचा वटवट्या, बोटभर जीव, तेव्हा तीसच्या आत उरलेला. त्याच्यासाठी नारळ हटवून जंगल परत येऊ दिलं, आणि पंचवीस वर्षांनी त्या जंगलात दयाळ राहायला आला.

त्या जंगलात पिसोनिया नावाचं एक झाड आहे. मूळ गोष्टीशी त्याचा काही संबंध नाही, पण मुलांना तेच सगळ्यात लक्षात राहिलं म्हणून लिहितो. त्याच्या बिया इतक्या चिकट की त्या समुद्रपक्ष्यांच्या पिसांना चिकटून बेटाबेटांवर पोहोचतात. कधीकधी एवढ्या चिकटतात की पक्ष्याला पंखच उघडता येत नाहीत आणि तो झाडाखाली पडून मरतो. बेटावरचे राखणदार फेरीवर असले की अशा पक्ष्यांच्या अंगावरच्या बिया एकेक करून सोडवतात. आपल्या झाडाचं फळ खायला मिळालं नाही की रुसणाऱ्या मुलांना हे झाड फार आवडलं.

आता उंदीर. 1995 मध्ये, म्हणजे थोडे पक्षी बाहेर हलवून झाल्यावर लगेचच, फ्रेगाटवर पहिल्यांदा उंदीर दिसले. दोनशे वर्षं चुकवलेली गोष्ट शेवटी होडीतून उतरलीच. पाच वर्षं झगडून 2000 मध्ये हेलिकॉप्टरनं अख्ख्या बेटावर विषारी आमिष टाकलं. दयाळांनी ते खाऊ नये, विष खाल्लेले किडे खाऊ नयेत, म्हणून आधी त्यांना पकडून पिंजऱ्यांत ठेवलं. उंदीर संपले. मग 2002 मध्ये आरीद, 2008 मध्ये डेनिस बेटावर पक्षी नेले. आज पाच बेटांवर मिळून ते काही शे आहेत. 2005 मध्ये त्यांचं नाव 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' यादीत आलं. खाली येणं चांगलं, हे मुलांना दोनदा सांगावं लागलं.

आजही कझिन बेटावर पाहुण्यांची होडी थेट किनाऱ्याला लावू देत नाहीत. होडी खोल पाण्यात थांबते, बेटावरचे लोक स्वतःची होडी घेऊन येतात, त्यात बसायचं आणि मग उतरायचं. एकही उंदीर चुकून उतरू नये म्हणून. यावर नीलनं विचारलं, "आणि बॅगेत असला तर?" म्हणून बेटांवर येणारं सामानही तपासतात.

हेत मघापासून गप्प होता. त्याचं घर जैन आहे. घरात डास मारायलासुद्धा आजी रागावतात. पर्युषणात तर तो आमच्याकडे बटाटेवडासुद्धा खात नाही. त्यानं विचारलं, "काका, सगळ्या उंदरांना मारलं?"

हो म्हटलं. आणखी एक राहिलं होतं तेही सांगून टाकलं. आपली साळुंकी, इथे पार्किंगमध्ये फिरते ती, पिवळ्या चोचीची, भांडकुदळ. माणसांनी ती सेशेल्सला नेऊन सोडली. ती तिथे दयाळाची घरट्यांची जागा बळकावते, त्याच्यावर तुटून पडते, अंडी फोडते. डेनिस आणि फ्रेगाट बेटांवरच्या सगळ्या साळुंक्या पकडून आणि गोळ्या घालून संपवाव्या लागल्या. याला वर्षं लागली, कारण साळुंकी हुशार असते, एकदा पिंजरा पाहिला की दुसऱ्यांदा येत नाही.

हा भाग मुलांना सांगावा की गाळावा, यावर घरी माझं आणि बायकोचं जमलं नाही. तिचं म्हणणं, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कशाला? मला वाटतं, गाळला तर दयाळ वाचला कसा, हेच खोटं होतं. झाडं लावली आणि पक्षी वाढले, असं सांगून टाळ्या घेता येतात. पण मग मूल मोठं झाल्यावर कुठेतरी वाचतं आणि म्हणतं, काकांनी आपल्याला बनवलं.

"आम्ही उंदीर पिंजऱ्यात पकडतो आणि लांब सोडून येतो," हेत म्हणाला. "पप्पा स्कूटरवरून नेतात, पार हायवेपर्यंत."

"चांगलं करता. पण बेटावर लांब म्हणजे कुठे?"

त्यानं विचार केला. "दुसऱ्या बेटावर."

"तिथे दुसरे दयाळ आहेत."

"मग इंडियात परत."

"हजारो उंदीर? आणि इथे घेणार कोण?"

मल्हार म्हणाला, "सेक्रेटरी तर घेणारच नाहीत." सगळे हसले, हेत नाही. त्याला उत्तर हवं होतं आणि माझ्याकडे त्याला पटेल असं उत्तर नव्हतं. मी त्याला सांगितलं की ज्यांनी ते विष टाकलं त्यांनाही ते आवडलं नसणार. उंदीर किंवा दयाळ यातलं एकच राहील, अशी वेळ आधीच्या लोकांनी आणून ठेवली होती. त्यानं मान हलवली, पण होकाराची नव्हे, ऐकल्याची.

ओवीला वेगळीच काळजी. "मग आपल्या पार्किंगमधल्या साळुंक्यांना पण हाकलायचं?"

नाही, अजिबात नाही. साळुंकीचं घर इथेच आहे. इथे दयाळ पाच अंडी घालतो, साळुंकीशी भांडून कधी जिंकतो, कधी हरतो, आणि दोघंही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिला कोणी दगड मारलेला मला दिसला तर पुढच्या रविवारी त्याला गोष्ट मिळणार नाही.

तास संपल्यावर हेत जिन्यावर उभा होता. भोकाकडे बघत. नीलचा तक्ता त्याच्या हातात होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, "काका, 1770 मध्ये कोणी सामान चेक करायला नव्हतं?"

नव्हतं, म्हटलं. तेव्हा कोणाला सुचलंच नव्हतं.

"मी असतो तर केलं असतं," असं म्हणून त्यानं तक्त्यात एक ओळ लिहिली. मी नंतर वाचली. "10.20. आई आत आहे. एक साळुंकी आली, बाबाने तिला काढली." गुजरातीतलं 'काढवुं' त्यात सरळ उतरलं होतं. मी तशीच ठेवली.

दयाळ कुठे ऐकायला मिळेल, असं ज्या आई-बाबांनी विचारलं त्यांच्यासाठी: कमाटीबागेत मार्च-एप्रिलमध्ये सकाळी सहाच्या आत जा, संग्रहालयाच्या बाजूच्या मोठ्या झाडांखाली. खाली बघू नका, झाडाच्या शेंड्याला बघा. मोबाइल बंद ठेवा आणि मुलाला भूक लागेल म्हणून खायला काहीतरी बरोबर असू द्या, नाहीतर साडेसहालाच घरी जायचं निघेल. परत येताना सेवउसळ.